डब्ल्यूवरचं बोट उचला: निवांत भटकंतीचे गेम पहिल्यांदा खेळताना

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडं कोल्हापुरात, राजारामपुरीत आला होता. अकरावीतला पोरगा, मोबाइलवर गोळीबाराच्या गेममध्ये तरबेज. त्याला लॅपटॉपवर 'फायरवॉच' लावून दिला आणि मी चहा टाकायला आत गेलो. परत येऊन बघतो तर गडी जंगलातनं नुसता पळत सुटलेला. पुढं जायचं डब्ल्यूचं बटण त्यानं मधल्या बोटानं इतकं दाबून धरलं होतं, की नखाखाली पांढरं पडलं होतं.

"मामा, ह्यात मारायला कोण येणार ते तरी सांगा की."

"कुणी येणार नाही."

त्यानं बोट उचललं आणि माझ्याकडं बघितलं. "मग करायचं काय?"

त्यानंतर मी हे गेम माझ्या बायकोला शिकवले, दोन मित्रांना शिकवले, शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनाही शिकवले. वय वेगळं, सवयी वेगळ्या, पण जो तो त्याच चार-पाच ठिकाणी अडकला. ती ठिकाणं ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं इथं सांगतो. मला हे गेम मनापासून आवडतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात कंटाळून कुणी ते बंद केले की खरोखर वाईट वाटतं.

हे गेम कुठून आले

इंग्लंडमधल्या डॅन पिंचबेक या संशोधकानं २००८ मध्ये 'हाफ-लाइफ २' या गोळीबाराच्या गेमवर एक प्रयोग केला. बंदूक काढून टाकली, शत्रू काढून टाकले, कोडीही ठेवली नाहीत. उरलं एक ओसाड बेट, चालणारा माणूस आणि पत्रं वाचणारा एक आवाज. हा 'डिअर एस्थर'. २०१२ मध्ये तो नव्यानं सजवून स्वतंत्र गेम म्हणून विक्रीला आला आणि चालला. तेव्हा काही जणांनी अशा गेमना 'वॉकिंग सिम्युलेटर', म्हणजे नुसतं चालायचे गेम, असं हिणवून म्हटलं. पुढं तेच नाव रूढ झालं, आता प्रेमानंही वापरतात.

त्याआधी असं काहीच नव्हतं असं नाही. १९९३ चा 'मिस्ट' हाही निर्मनुष्य बेटावर फिरायचाच गेम होता, लोक वही-पेन घेऊन तो खेळायचे. पण त्यात कोडी सोडवावी लागायची. इथं तेही नाही. इथं तुम्ही जागा बघता, ऐकता, आणि जागा तुम्हाला हळूहळू काय झालं ते सांगते. गेममध्ये तुमच्याकडं असणारी मोठी ताकद म्हणजे थांबणं. हे मी सजवून सांगत नाही, पुढं खेळायच्या पायऱ्यांत ते कामाला येणार आहे.

पहिला गेम कोणता घ्यायचा

इथं बहुतेक जण चुकतात. यादीत ज्याचं नाव सगळ्यात वर दिसतं तो घेतात, आणि तो पहिल्या वेळेसाठी जड निघतो.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात 'अ शॉर्ट हाइक'नं करा. अॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या माणसानं केलेला हा गेम २०१९ मध्ये आला. क्लेअर नावाची एक पक्षीण मावशीकडं डोंगराळ बेटावर आली आहे, तिला एका फोनची वाट बघायची आहे, पण रेंज नाही. रेंज मिळते फक्त हॉक पीकच्या टोकावर. बस्स, चढायचं. वाटेत सोन्याची पिसं मिळतात, जितकी पिसं जास्त तितकं जास्त उंच चढता आणि उडता येतं. मरण नाही, हरणं नाही. दीड-दोन तासांत टोक गाठता येतं, पण मासे धरत बसलात, किनाऱ्यावर काठीनं चेंडू उडवत बसलात तर दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. साध्या लॅपटॉपवर चालतो. इंग्रजी सोपं आहे. आणि एकदा टोकावरून हवेत झेप घेतली की माणूस या प्रकाराच्या प्रेमात पडतोच, असा माझा अनुभव आहे.

दुसरा 'फायरवॉच', २०१६ चा. १९८९ सालचा उन्हाळा, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शोशोनी राष्ट्रीय वन. आधीच्या वर्षी, १९८८ मध्ये, शेजारच्या यलोस्टोनमध्ये मोठे वणवे लागले होते, त्यामुळं यंदा मनोऱ्यावर बसून धूर कुठं दिसतो का बघायला माणसं हवी आहेत. तुम्ही हेन्री. सोबत कुणी नाही, फक्त वॉकी-टॉकीवर डलायला नावाच्या वरिष्ठ बाईंचा आवाज. चार-पाच तासांचा गेम आहे. दाजीपूरच्या जंगलात मुक्काम केलेल्या माणसाला यातली संध्याकाळ लगेच ओळखीची वाटेल.

'डिअर एस्थर' तिसरा. तो सगळ्यात शांत आणि सगळ्यात जड. त्यात पळता येत नाही, उडी मारता येत नाही, कशाला हात लावता येत नाही. पहिलाच हा घेतलात तर गेम बिघडलाय असं वाटेल.

बाकी 'गॉन होम' (२०१३) हा एका रिकाम्या घरात फिरायचा, 'अबझू' (२०१६) समुद्राखाली पोहायचा, 'प्रोटियस' (२०१३) ज्यात बेट प्रत्येक वेळी नवं तयार होतं आणि तुम्ही जवळ गेलात की झाडं-प्राणी वाजायला लागतात. हे नंतर. फक्त मोबाइल असेल तर 'मॉन्युमेंट व्हॅली' विकत घ्या किंवा 'स्काय' फुकट उतरवा. 'स्काय'मध्ये आत खरेदीची दुकानं आहेत, तिकडं लक्ष दिलं नाही तरी चालतं.

विकत घेताना

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किंमत दिसते, यूपीआय चालतं. घाई नसेल तर गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये हे गेम हमखास स्वस्त होतात.

घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. लॅपटॉपवर चाललाच नाही, चक्कर आली, तर हा नियम जरूर वापरा. पण 'डिअर एस्थर' संपूर्ण संपतो तोच दोन तासांच्या आत. असे गेम संपवून पैसे परत मागणारे लोक मी पाहिलेत. दोन-चार माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम असतं ते. पोटभर मिसळ खाऊन, कट दोनदा मागून, वर पैसे परत मागावेत तसं आहे. कृपा करून करू नका.

उतरवून झाल्यावर इंटरनेट चालू असतानाच गेम एकदा उघडून बंद करा. मग स्टीमचा ऑफलाइन मोड लावला की नेट नसतानाही खेळता येतो. पावसाळ्यात आमच्याकडं नेट जातं तेव्हाच खेळायला निवांत वेळ असतो, म्हणून हे आधीच करून ठेवावं.

लॅपटॉपची तयारी

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर काटछाट करावी लागते, पण कुठं करायची ते महत्त्वाचं. गेमच्या सेटिंगमध्ये आधी सावल्या कमी करा. मग कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायसिंग कमी करा. तरी अडखळत असेल तर रेझोल्यूशन एक पायरी खाली आणा. मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र पुसट करणं, बंदच करा, त्याचा उपयोग काही नाही आणि डोळ्यांना त्रास आहे. लांबचं दिसणं, म्हणजे व्ह्यू डिस्टन्स किंवा ड्रॉ डिस्टन्स लिहिलेलं असतं ते, मात्र शेवटपर्यंत कमी करू नका. हे गेम लांब बघण्यासाठीच आहेत. समोरचा डोंगर धुक्यात कापला गेला तर उरलं काय?

एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण खरी आहे: सेकंदाला कधी ६०, कधी २५ चित्रं दाखवणाऱ्या लॅपटॉपपेक्षा कायम ३० दाखवणारा बरा. मर्यादा ३० वर बांधून टाका. पंख्याचा आवाजही कमी होतो, आणि आवाजाचं महत्त्व पुढं येणारच आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तर खाली दोन पुस्तकं सरकवून हवा खेळती ठेवा.

माउसनं बघताना जग गरगर फिरत असेल तर संवेदनशीलता निम्म्यावर आणा. जमलं तर कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं गेमपॅड, वापरा. बटण एक तर दाबलेलं असतं नाही तर सोडलेलं, पण कंट्रोलरची काठी थोडीशीच ढकलली की बहुतेक गेममध्ये माणूस खरोखर हळू चालतो. एवढा एक फरक सगळा गेम बदलून टाकतो.

गरगरत असेल तर

माझ्या बायकोला 'फायरवॉच'मध्ये वीस मिनिटांत मळमळायला लागलं. गगनबावड्याच्या घाटात एसटीत लागते तशीच ही गाडी लागते, फक्त कारण उलटं. एसटीत शरीराला हलणं कळतं आणि डोळे आतल्या सीटवर खिळलेले असतात. इथं डोळ्यांना वाटतं आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, जागेवरच बसलोय. या भांडणात पोट ढवळतं.

उपाय साधे आहेत. सेटिंगमध्ये 'फील्ड ऑफ व्ह्यू' असेल तर तो ८५-९० च्या आसपास न्या, म्हणजे डावी-उजवीकडचं जास्त दिसतं आणि नळीतनं बघितल्यासारखं होत नाही. चालताना डोकं वरखाली हलतं ते 'हेड बॉब' बंद करा. पडद्यापासून हातभर मागं बसा. खोली पूर्ण काळोखी करू नका, पडद्याच्या मागं एक छोटा दिवा लावा. पंखा तोंडावर घ्या. आणि पहिली मळमळ जाणवली त्या क्षणी थांबा, रेटून खेळलात तर दुसऱ्या दिवशी नुसता गेमचा आवाज ऐकून मळमळेल. पंधरा मिनिटं आज, वीस उद्या, असं करत तिचं आठवडाभरात बसलं. ज्यांचं बसत नाही त्यांच्यासाठी 'अ शॉर्ट हाइक' आहेच, त्यात आपण वरून बघतो, त्रास सहसा होत नाही.

कान

हेडफोन लावा. महाग नको, मोबाइलबरोबर आलेले साधे वायरचे चालतील. ब्लूटूथवाल्यांत आवाज किंचित मागं पडतो, पाऊल आधी पडतं आणि आवाज नंतर येतो.

या गेममध्ये निम्मी जागा आवाजानं बांधलेली असते. आपल्याला ते ऐकायची सवय नसते, म्हणून मी सगळ्यांना एक काम देतो आणि तुम्हालाही देतो. सकाळी सहाच्या सुमाराला रंकाळ्यावर जा. फोन खिशात. संध्यामठाच्या बाजूला कुठंतरी कठड्याशी उभं राहा आणि दोन मिनिटं मोजून नुसतं ऐका. आधी सगळा एकच गोंगाट वाटतो. मग तो सुटा व्हायला लागतो. पाणी कठड्याला लागतंय तो आवाज खालून येतो. पाणकोंबडीचा आवाज डावीकडनं, गवतातनं. मागनं चालणाऱ्यांची पावलं, त्यातही चपला आणि बूट वेगळे कळतात. लांब कुठंतरी दुधाच्या किटल्या आदळत गाडी जाते. कुठला आवाज जवळचा, कुठला लांबचा, हे डोळे न वापरता कळायला लागतं.

आता घरी या आणि 'डिअर एस्थर' किंवा 'फायरवॉच' चालू करून तेच करा. उभे राहा, माउस सोडा, ऐका. वाऱ्याचा आवाज उघड्या माळावर वेगळा आणि दरीत वेगळा आहे हे लक्षात येईल. पायाखाली गवत, वाळू, दगड, लाकडी पायरी, प्रत्येकाचा आवाज निराळा. 'डिअर एस्थर'मध्ये जेसिका करीचं संगीत कधी चालू होतं आणि कधी विरून नुसता वारा उरतो, ते टिपायला लागा. 'अ शॉर्ट हाइक'चं संगीत तर तुम्ही कुठं आहात आणि काय करताय त्यावर बदलत राहतं. शेजारच्या निवृत्त सरांनी हे माझ्याआधी ओळखलं. म्हणाले, "अहो, उडालो की गाणं मोठं होतंय बघा."

मागं मोबाइलवर दुसरं गाणं लावून हे गेम खेळू नका. सिनेमाचा आवाज बंद करून तो बघतो का आपण?

पहिला अर्धा तास

इथं खरी परीक्षा असते.

वेळ अशी निवडा की पुढं तासभर कुणी हाक मारणार नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर, किंवा रविवारी दुपारी पांढरा रस्सा पोटात गेल्यावर घरदार आडवं होतं तेव्हा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सायलेंट करून शेजारी ठेवणं पुरत नाही.

सुरुवात चुकवू नका. 'फायरवॉच'च्या सुरुवातीला हेन्री आणि त्याच्या बायकोची गोष्ट बरीचशी नुसत्या अक्षरांत येते, मधे तुम्हाला निवड करायला लावते. भाचा ती भराभर दाबत गेला होता. मग दोन तासांनी हेन्री एकाएकी गप्प झाला, तर याला कळेना का. आम्ही पुन्हा पहिल्यापासून चालू केला.

मग चालायला लागा, आणि आता लेखाच्या मथळ्यावर येतो. डब्ल्यू दाबून धरायची सवय बोटात असते, डोक्यात नसते. म्हणून ती बोटानंच मोडावी लागते. मी हा नेम सांगतो: पहिल्या अर्ध्या तासात जिथं जिथं उजेड बदलेल, तिथं बोट उचलायचं. झाडीतनं मोकळ्यावर आलात, उचला. गुहेच्या तोंडाशी आलात, उचला. दार उघडलं, उचला. थांबल्यावर माउस सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला न्यायचा, मग वर, मग खाली पायाशी. दहा सेकंद लागतात. पुन्हा चाला.

पहिल्यांदा हे कृत्रिम वाटतं. पाचव्या-सहाव्या वेळी काहीतरी दिसतं. भाच्याला काय दिसलं ते मला नीट आठवतंय, कारण मी शेजारीच बसलो होतो. तळ्याच्या काठाशी तो थांबला. सूर्य उतरतीला, पाणी केशरी. त्यानं माउस खाली नेला, मग वर, आणि तसाच ठेवला. पंख्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मामा, झाडांच्या सावल्या मघाशी इकडं होत्या." बस्स, एवढंच. पण मघाचा पोरगा सावल्या बघत नव्हता.

दहाव्या-पंधराव्या मिनिटाला कंटाळा येईल, येऊ द्या. गोळीबाराच्या गेममध्ये दर काही सेकंदांनी काहीतरी मिळतं, गुण मिळतात, आवाज होतो, पडद्यावर आकडा चमकतो. मन त्या ठेक्याला लागलेलं असतं आणि इथं ठेका मिळाला नाही की ते चुळबुळतं. ही चुळबुळ माझ्या पाहण्यात विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला ओसरते. तोवर उठायचं नाही, एवढं ठरवून बसा. ओसरलीच नाही तर त्या दिवशी बंद करा. परत दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं, नव्यानं सुरुवात करू नका.

काही गेम थांबण्याची सोय स्वतःच करून देतात. 'अबझू'मध्ये दगडी मूर्तीवर ध्यानाला बसता येतं, मग कॅमेरा आपला आपण एकेका माशामागं फिरतो. 'प्रोटियस'मध्ये नुसतं खाली बसता येतं. अशा जागा आल्या की टाळू नका.

वाट सापडत नाही तेव्हा

सापडणार नाहीच, आणि बऱ्याच वेळा तेच अपेक्षित असतं. तरी अडकून वैताग यायची वेळ आली तर हे करा.

आधी वर बघा. रंकाळ्याभोवती फिरताना आपण कुठं आहोत ते शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावरून कळतं. शहराबाहेर मोकळ्यावर उभं राहिलं की वायव्येला जोतिबा-पन्हाळ्याची रांग दिसते आणि दिशा लागते. गेम करणारेही हेच करतात. सगळीकडून दिसेल असं काहीतरी लांबवर उभं करून ठेवतात. 'डिअर एस्थर'मध्ये खांबावरचा लुकलुकणारा लाल दिवा, 'अ शॉर्ट हाइक'मध्ये शिखर, 'जर्नी' या गेममध्ये उजेड फेकणारा डोंगर, 'फायरवॉच'मध्ये तुमचा स्वतःचा मनोरा. ती खूण शोधा, म्हणजे आपण तिच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळतं.

मग उजेड बघा. दोन वाटा फुटल्या आणि एकीकडं उजेड जास्त असेल, तर बहुतेक वेळा गोष्ट तिकडं पुढं जाते. पण मी आधी अंधाऱ्या वाटेनं जाऊन येतो. मुख्य वाट कुठं पळून जात नाही, आणि छोट्या गोष्टी आडवाटेला ठेवलेल्या असतात. पन्हाळ्यावर गाडी लावून सज्जा कोठी, तीन दरवाजा करून परत येणारे आणि तटाच्या कडेकडेनं चालणारे, यांना वेगळा गड दिसतो. तसंच आहे.

'फायरवॉच'मध्ये हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र मिळतं. नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका सेटिंगमधून बंद करता येतो. पहिला तासभर ठिपका चालू ठेवा. मग बंद करा. तेव्हापासून ओढा, पूल, दगडांचा आकार लक्षात ठेवावा लागतो, आणि रान खऱ्या अर्थानं ओळखीचं होतं. वाटेत साठ्याच्या पेट्या लागतात, कुलूप १२३४. त्यात नकाशावर उतरवून घ्यायच्या नोंदी असतात, म्हणून पेटी दिसली की उघडायचीच.

तरीही अडलं तर शेवटचं जिथं काही घडलं तिथं परत जा. तेही झालं तर बंद करून झोपा, सकाळी पाच मिनिटांत सापडतं. यूट्यूब अगदी शेवटी, तेही कुणा खेळलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारून भागत नसेल तर. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) पुढं कधी खेळणार असाल तर त्याचं एक अक्षरही आधी वाचू नका. त्यात दर २२ मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि तुमच्याकडं उरतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. ते आधीच कळलं तर खेळायला काही राहत नाही.

इंग्रजी

सबटायटल लावा, इंग्रजी चांगलं असलं तरी. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय की ऐकून कळत नाही पण वाचलं की कळतं, आणि संकोचापोटी ते हे गेम घेतच नाहीत. 'फायरवॉच'मध्ये उत्तर निवडायला थोडाच वेळ असतो. वाचेपर्यंत वेळ गेला तर घाबरू नका, गप्प राहणं हेही उत्तर धरलं जातं आणि डलायला त्यावरही बोलते. दोघांनी मिळून खेळणं सगळ्यात छान: एकाच्या हातात माउस, दुसरा वाचून मराठीत सांगतो. आमच्या घरी बायको वाचते, मी चालतो. 'डिअर एस्थर'चं इंग्रजी कवितेसारखं आहे, ते सगळं कळलं नाही तरी चालतं. त्यातले पत्रांचे तुकडे दर वेळी थोडे बदलून येतात, तेव्हा पहिल्या फेरीत सगळं हाती लागणं शक्यच नसतं.

थांबताना

यांतल्या बहुतेक गेममध्ये सेव्हचं बटण नसतं, गेम आपला आपण जपून ठेवतो. कोपऱ्यात छोटं चिन्ह फिरतं, ते थांबल्यावर बाहेर पडा. वळवाच्या पावसात लाइट जाते हे धरूनच चाला. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि ढग गडगडायला लागले, तर पुढच्या चिन्हाची वाट बघून बंद करा. एका संध्याकाळी माझा पाऊण तास असा गेला आहे.

बंद करताना वहीत दोन ओळी लिहा. काय जिंकलं, किती टक्के झालं असलं नको. काय बघितलं ते. शेजारच्या सरांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय: 'डोंगरावर थंडी. पिसं लवकर संपतात. खाली परत आलो, मासे धरले.' दुसऱ्या दिवशी वही उघडली की माणूस लगेच त्या जागी पोचतो.

'प्रोटियस'मधून बाहेर पडताना एस्केपचं बटण धरून ठेवायचं असतं, मग पडद्यावर हळूहळू पापण्या मिटत जातात. मी ते बटण कधी घाईनं दाबलेलं नाही.

संपल्यावर

नावं वर सरकायला लागली की उठू नका. 'फायरवॉच'मध्ये मधे एक साधा कॅमेरा सापडतो. त्यावर तुम्ही काढलेले फोटो शेवटी नावांबरोबर दाखवतात. म्हणून कॅमेरा हातात आला की वापरा, आणि सुंदर देखाव्यांपुरता नको. जिथं बसून बोललात ती जागा, मनोऱ्यावरचं टेबल, रोजची वाट.

भाच्याचे फोटो आले तेव्हा आम्ही दोघं बघत होतो. पहिले तीन वाकडे, अर्धं आभाळ. मग ते तळं. मग तेच तळं, उन्हं उतरल्यावर. मग पुन्हा तेच, जवळजवळ अंधारात. तो परत-परत तिथं जात होता हे मला माहीतच नव्हतं.

गोष्ट संपल्यावर मोकळं फिरायला 'फ्री रोम' आहे, त्यात दिवस-रात्र होतात आणि रेडिओवर कुणी बोलत नाही. करणाऱ्यांनी जंगलात फिरत आपलं काम समजावून सांगितलंय, ती ध्वनिफीतही मेनूमध्ये आहे. आधी फ्री रोम करा, ती नंतर ऐका. भाचा जायच्या आदल्या रात्री फ्री रोम लावून बसला होता. अकरा वाजता मी डोकावलो तर खुर्ची मागं सरकवलेली, हात मांडीवर, आणि पडद्यावर पहाट होत होती.